भाडेकरूचं मत कुणाच्या यादीत?

अकोल्याच्या जठारपेठेत भाड्याने खोली शोधायला निघालेल्या माणसाची कसून चौकशी होते. फॅमिली आहे की एकटेच, गाव कोणतं, कुठल्या समाजाचे, नोकरी सरकारी की खासगी, नॉनव्हेज खाता का आणि पाणी भरायला घरी कोण असतं? शेवटचा प्रश्न बाहेरगावच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. पण काटेपूर्णा धरणाचं पाणी इथे रोज येत नाही, नळाचा दिवस चुकला की पुढच्या दिवसाची वाट पाहावी लागते. तेव्हा घरमालकाच्या दृष्टीने तो प्रश्न अगदी रास्त असतो. या सगळ्या चौकशीत एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही : तुमचं मतदान कुठे आहे? तो विचारतो फक्त निवडणुकीला उभा राहिलेला उमेदवार. उत्तरात तेल्हारा, पातूर किंवा बार्शीटाकळीकडच्या एखाद्या गावाचं नाव आलं की तो हसून हात जोडतो आणि पुढच्या दारापाशी जातो.

जठारपेठ, सातव चौक, रामदासपेठ, रतनलाल प्लॉट हा सगळा पट्टा दवाखान्यांचा आणि शिकवणी वर्गांचा. मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यावरून आलेली कुटुंबं, मेडिकलचे आणि कृषी विद्यापीठाचे विद्यार्थी, दुकानांतले आणि लॅबमधले नोकर इथे भाड्याने राहतात. त्यांच्या महिन्याच्या खर्चात सर्वात मोठा आकडा घरभाड्याचा असतो. तरीही अकोल्याच्या निवडणुकीत रस्ते गाजतात, मोर्णा नदीची घाण गाजते, पाणी गाजतं, मालमत्ता कर तर फारच गाजतो. घरभाड्यावर भूमिका घेतलेला उमेदवार मात्र माझ्या आठवणीत नाही. डाव्या पक्षांचाही नाही. गरिबांच्या घरांची आणि महागाईची भाषा ज्यांच्या जाहीरनाम्यात वर्षानुवर्षं असते, ते या एका बाबतीत गप्प का, हे समजून घ्यायचं तर आधी दूर न्यूयॉर्कला आणि मग जवळ सोलापूरला जावं लागेल.

नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक झोहरान ममदानी यांनी जिंकली. ते स्वतःला लोकशाही समाजवादी म्हणवतात. चित्रपट दिग्दर्शिका मीरा नायर यांचे ते चिरंजीव, म्हणून आपल्याकडेही त्यांची चर्चा बरीच झाली. त्यांचा प्रचार जवळपास पूर्णपणे राहणीमानाच्या खर्चावर होता. शहरातल्या सुमारे दहा लाख नियंत्रित भाड्याच्या घरांचं भाडं वाढू देणार नाही, बसप्रवास फुकट करू, लहान मुलांचा सांभाळ मोफत करू, शहराच्या मालकीची पाच किराणा दुकानं प्रयोग म्हणून उघडू, अशी आश्वासनं होती. ती सगळी एका वजनाची नाहीत. नियंत्रित घरांची भाडेवाढ दरवर्षी एक नऊ जणांचं मंडळ ठरवतं आणि त्या मंडळावर माणसं नेमतो महापौर. म्हणजे ते आश्वासन बऱ्याच अंशी त्यांच्याच हातातलं. बस मात्र राज्याच्या अखत्यारीतल्या प्राधिकरणाच्या, त्यामुळे त्यासाठी राज्य सरकारचं दार ठोठावणं आलं. कोणत्याही उमेदवाराचं घरांविषयीचं बोलणं ऐकताना मी हेच आधी पाहतो, की याची किल्ली नेमकी कुणाच्या खिशात आहे.

पण भाडं गोठवण्याची घोषणा तिथे मतं मिळवून देते, याचं कारण साध्या हिशेबात आहे. न्यूयॉर्कमधली सुमारे दोन तृतीयांश कुटुंबं भाड्याने राहतात आणि राहतात तिथेच मत देतात. भारताच्या शहरांत २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात राहत होती, भाड्याने राहणारी साडेसत्तावीस टक्क्यांच्या आसपास. 'स्वतःचं घर' यात पत्र्याची झोपडीही आली, हे खरं. तरी आपल्याकडे घरांचं राजकारण भाड्याभोवती फिरण्याऐवजी मालकीभोवती का फिरतं, याचं अर्धं उत्तर या आकड्यांत आहे. इथल्या मतदाराला भाडं कमी करून नको असतं. त्याला घर नावावर हवं असतं.

ही गोष्ट महाराष्ट्रात कुणी नीट ओळखली असेल, तर ती सोलापूरच्या नरसय्या आडम यांनी. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नेते, १९७८, १९९५ आणि २००४ असे तीन वेळा आमदार. सारं सोलापूर त्यांना आडम मास्तर म्हणतं. त्यांचा मुख्य आधार विडी वळणाऱ्या बायकांची संघटना. हा धंदा असा की कारखान्यातून पान-तंबाखू आणायचं, घरी बसून विड्या वळायच्या, मोजून परत द्यायच्या. त्यामुळे विडी कामगार बाईचं घर हाच तिचा कारखाना. एका खोलीत तंबाखूची धूळ, पानांचे गठ्ठे, चूल आणि लेकरं. तिथे घराची मागणी ही निवाऱ्याइतकीच कामाच्या जागेची मागणी असते, आणि म्हणून कामगार संघटनेने मजुरीसोबत घरांचा प्रश्न हातात घेणं तिथे अगदी स्वाभाविक होतं.

पैसा कुठून येणार? इथे १९७६ चा एक कायदा कामी आला. त्या वर्षी केंद्राने विड्यांवर उपकर बसवून विडी कामगार कल्याण निधी उभा केला होता. त्यातून कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरांसाठी मदत मिळे. आडम यांनी हा धागा पकडला. सोलापूरजवळ कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने महिला विडी कामगारांची सहकारी गृहनिर्माण संस्था झाली. वारल्यांच्या लढ्यातल्या गोदूताईंचं नाव विडी कामगारांच्या वसाहतीला, हे तिथल्या लोकांना मुळीच वेगळं वाटत नाही. दहा हजार घरं. एका घराचा खर्च धरला साठ हजार रुपये : वीस हजार केंद्राचे, वीस हजार राज्याचे, वीस हजार कामगार बाईचे. मंजुरीची चक्रं वाजपेयींच्या सरकारात फिरली आणि १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी सोलापुरात येऊन घरं सुपूर्द केली.

त्यानंतरचा प्रकल्प आणखी मोठा. कुंभारीलाच 'रे नगर' नावाची तीस हजार घरांची वसाहत ठरली. यावेळी विडी कामगारांबरोबर यंत्रमागावरचे, शिलाईचे, बांधकामावरचे मजूर आणि कचरा वेचणारेही होते. पैशाचा रस्ता बदलला होता. विड्यांवरचा उपकर जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये बंद झाला; ही घरं पंतप्रधान आवास योजनेत बसवली गेली. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, उरलेली रक्कम लाभार्थीची बचत आणि बँकेचं कर्ज. ९ जानेवारी २०१९ ला पंतप्रधान नरेंद्र मोदींनी पायाभरणी केली आणि १९ जानेवारी २०२४ ला पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या त्यांनीच दिल्या. पायाभरणीच्या व्यासपीठावर आडम यांनी मोदींची स्तुती केली, तेव्हा पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. पक्षशिस्तीचा मुद्दा मला कळतो. पण तीस हजार घरांच्या बदल्यात कुणाची थोडी स्तुती करावी लागली असेल, तर सौदा स्वस्तात पडला असं मी म्हणेन.

वाजपेयी, मनमोहन सिंग, मोदी. तीन पंतप्रधान, तिघांपैकी एकही मार्क्सवादी नाही, आणि तिघांच्याही काळात काम पुढे सरकलं. यातल्या बऱ्याच वर्षांत आडम आमदारही नव्हते. म्हणजे ही घरं आमदारकीने आलेली नाहीत. ती आली कशाने? माझ्या मते यादीने. संघटनेकडे कामगारांची नावं होती, ओळखपत्रं होती, दरमहा थोडीथोडी बचत जमा करण्याची सवय होती आणि बोलावलं की हजारोंनी मोर्चाला येणारी माणसं होती. सरकारी योजनेला नेहमी तयार यादी लागते, आणि बहुतेक ठिकाणी तीच नसते. मग पैसा परत जातो किंवा भलत्याच्या नावावर घर चढतं. सोलापुरात सरकारपाशी योजना होती आणि युनियनपाशी यादी. दोन्ही एकत्र आणणं हे आडम यांचं खरं कौशल्य.

या मार्गाच्या मर्यादाही लपवण्यासारख्या नाहीत. स्वस्त जमीन हवी म्हणून वसाहत शहराबाहेर गेली; मग शाळा, दवाखाना, बस यांच्यासाठी नव्याने झगडणं आलं. घरी बसून विड्या वळणारीला अंतर एक वेळ परवडतं, शहरात रोज कचरा वेचायला येणारीला ते महागच पडतं. ज्याच्यापाशी आपला हिस्सा भरायची ऐपत नाही, त्याचं नाव आपोआप गळतं. आणि जो कुठल्याच संघटनेत नाही, तो मुळात यादीतच नसतो.

मतपेटीचा हिशेब तर आणखी निराळा निघाला. २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा सलग चार विधानसभा निवडणुकांत आडम सोलापूर शहर मध्य मतदारसंघातून पडले. पहिल्या तीन वेळा तिथे प्रणिती शिंदे निवडून आल्या, चौथ्या वेळी भाजपचे देवेंद्र कोठे. हजारोंना घर मिळवून देणारा माणूस का हरतो, यावर सोलापुरात जाती-धर्माच्या गणितापासून पैशापर्यंत सगळी कारणं सांगितली जातात, आणि ती खोटी नसावीत. मला त्यात आणखी एक दिसतं. कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातलं गाव. शहर मध्य मतदारसंघाच्या हद्दीबाहेरचं. जो उमेदवार आपल्या माणसांना शहरात हक्काची जागा मिळवून देऊ शकत नाही आणि म्हणून बाहेर घर बांधून देतो, तो आपले मतदारही शहराबाहेर पाठवत असतो.

मुंबईत मृणाल गोरे यांचा अनुभव याच्या जवळचा. त्या समाजवादी, कम्युनिस्ट नव्हेत, पण डाव्या परंपरेतल्याच. गोरेगावच्या पाण्यासाठी लढल्या म्हणून 'पाणीवाली बाई'. १९७२ च्या दुष्काळात तेल, साखर, रॉकेल मिळेना तेव्हा मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट तारा रेड्डी, समाजवादी प्रमिला दंडवते यांच्यासह त्यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली आणि मुंबईच्या मध्यमवर्गीय बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन मंत्र्यांच्या दारात गेल्या. १९७७ मध्ये गोरे आणि रांगणेकर दोघीही मुंबईतून लोकसभेवर गेल्या. पुढे गोरे यांनी बाबूराव सामंत आदी सहकाऱ्यांबरोबर नागरी निवारा परिषद काढली. नागरी जमीन कमाल धारणा कायदा १९७६ चा. त्यात अतिरिक्त ठरलेली खासगी जमीन सरकारने गरिबांच्या घरांसाठी घ्यावी असं लिहिलेलं. कागदावर लिहिलेलं ते अमलात आणा, एवढीच मागणी धरून त्या कोर्टात आणि मंत्रालयात झगडल्या आणि गोरेगावला दिंडोशीच्या ६२ एकरांवर सहा हजारांहून अधिक कुटुंबांची वसाहत उभी राहिली. तो कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला, आणि डाव्यांच्या हातातलं जमिनीचं सर्वात धारदार हत्यार गेलं. त्यानंतरच्या त्यांच्या जाहीरनाम्यांत घरं असतात. जमीन कुठून आणणार, हे मात्र बहुधा नसतं.

आता वऱ्हाडात येऊ. इथे डावे नव्हतेच, असा समज नव्या पिढीचा आहे. १९८९ मध्ये अमरावतीने भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सुदाम देशमुख यांना लोकसभेवर पाठवलं होतं, हे सांगितलं तर तरुण पोरं विश्वास ठेवत नाहीत. देशमुख अचलपूरचे. अचलपूरला विदर्भ मिल होती, अकोल्यात सावतराम आणि मोहता मिल होत्या. १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात या तिन्ही सरकारकडे आल्या आणि पुढे बंद पडल्या. देशमुखांच्या विजयानंतर दोनच वर्षांनी, १९९१ ला, अमरावतीची जागा काँग्रेसच्या प्रतिभा पाटील यांच्याकडे गेली. गिरणीबरोबर हजेरीपट गेला आणि हजेरीपटाबरोबर संघटनेची यादीही गेली. सोलापुरात गिरण्या बुडाल्यावरही विडीचा धंदा उरला, घराघरात पसरलेला असला तरी मोजता येणारा. अकोल्यात गिरणीनंतर उरली ती दालमिल, आडतीची दुकानं आणि दवाखाने. तिथल्या कामगाराचं नाव एका कागदावर आणणं फार कठीण.

आणि दालमिलचं नाव निघालंच आहे, तर महागाईबद्दल बोलू. अकोला हे तुरीच्या डाळीचं मोठं केंद्र. ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, तेव्हा देशभर बोंब झाली. जठारपेठेतल्या भाडेकरूच्या स्वयंपाकघरात बोंब होतीच, पण गावाकडे त्याच्या बापाच्या घरात त्याच भावाने थोडी आशा आली होती. सव्वा वर्षात तूर इतकी पिकली की हमीभाव बोनससह ५,०५० रुपये क्विंटल असताना बाजारभाव त्याच्याखाली घसरला आणि सरकारी खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या. आता डाळ स्वस्त झाली म्हणून लेकाने आनंद मानायचा की बाप बुडाला म्हणून रडायचं? मुंबईत लाटणं मोर्चाला जो सरळ शत्रू सापडला, साठेबाज व्यापारी, तो वऱ्हाडात इतका सरळ सापडत नाही. इथे पिकवणारा आणि विकत खाणारा एकाच कुटुंबात असतात.

यावर डाव्यांचं उत्तर जुनं आणि स्पष्ट आहे. सरकारने शेतकऱ्याकडून चढ्या हमीभावाने घ्यावं, रेशनवर सगळ्यांना उतरत्या भावाने द्यावं आणि मधला फरक तिजोरीने सोसावा. 'सगळ्यांना' हा यातला वादाचा शब्द. अन्नसुरक्षा कायद्याने लाभार्थ्यांच्या याद्या ठरवल्या, आणि यादी आली की वगळणं आलं. आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. अमरावती आणि औरंगाबाद विभाग आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त गहू-तांदूळ मिळत होता. २०२३ पासून धान्य बंद करून माणशी महिन्याला १५० रुपये खात्यावर जमा होऊ लागले, ते पुढे १७० झाले. धान्य होतं तेव्हा बाजारभाव वाढल्याचा भार सरकारवर पडे. रोख आल्यावर तो कार्डधारकावर आला. डाव्या पक्षांचा थेट रोख रकमेला असलेला आक्षेप नेमका हा आहे, आणि तो मला पटतो. पण २०२४ नंतरच्या महाराष्ट्रात, दरमहा पंधराशे रुपये लाडकी बहीण म्हणून खात्यात पडत असताना, हा आक्षेप सभेत मांडून मतं मिळवणं अवघड आहे. पैसे दिसतात. न वाढलेला भाव दिसत नाही.

पुण्याच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू करून तिसरा रस्ता दाखवला होता. संघटनेनेच ना नफा तत्त्वावर झुणका-भाकर, भाजी रांधून विकायची. सरकारी किराणा दुकानाच्या घोषणेवरून न्यूयॉर्कमध्ये केवढा गहजब झाला! आपल्याकडे हमालांनी ते कुठल्याही महापौराची वाट न पाहता करून दाखवलं. असो.

पुन्हा भाड्याकडे. भाडं गोठवणं हा प्रयोग आपण केलाच नाही असं नाही. उलट इतका केला की त्याचे वळ अजून आहेत. मुंबईत १९४७ च्या कायद्याने १९४० ची भाडी धरून ठेवली. मालकांनी डागडुजी सोडली, पागडीचा काळा बाजार माजला, चाळी कोसळू लागल्या. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात म्हटलं की भाडं असं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. त्यातून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू. तोपर्यंत अकोला-अमरावतीत वेगळाच कायदा चाले : मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा घरभाडे नियंत्रण आदेश. त्यात घर रिकामं झालं की मालकाने जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं, जिल्हाधिकारी ते सरकारी नोकराला किंवा निर्वासिताला देऊ शकत असे, आणि भाडेकरूला नोटीस द्यायची तरी आधी रेंट कंट्रोलरची परवानगी लागे. परवानगीचा एक खटला आणि मग दिवाणी कोर्टाचा दुसरा. वऱ्हाडातल्या जुन्या घरमालकांना भाडेकरू म्हटलं की अजून धडकी भरते ती या काळामुळे.

१९९९ च्या कायद्यात भाडेकरूला वर्षाला चार टक्क्यांपेक्षा जास्त वाढीपासून संरक्षण आहे. मात्र त्यातच पळवाटही आहे, आणि ती सर्रास वापरली जाते. अकरा महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार केला की राहणारा कायद्याने भाडेकरू ठरतच नाही, तो परवानाधारक. त्याला चार टक्क्यांची मर्यादा लागू नाही, आणि मुदत संपल्यावर राहिला तर दुप्पट रक्कम द्यावी लागते. त्या बदल्यात कायद्याच्या ५५ व्या कलमाने मालकावर एक जबाबदारी टाकली : करार लेखी असावा आणि नोंदणीकृत असावा. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जाईल, मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारून भागवतात, कुठे तोंडी बोलीवरच.

म्हणजे अकोल्यात भाड्याविषयी भूमिका घ्यायची असेल, तर उमेदवाराला भाडं गोठवायची गर्जना करायची गरजच नाही. ५५ वं कलम पाळलं जावं, नोंदणी स्वस्त आणि सोपी व्हावी, डिपॉझिट परत मिळण्याची सोय व्हावी, एवढं बोललं तरी पुष्कळ. पण कायदा राज्याचा. नगरसेवक त्यात फारसं करू शकत नाही. नगरसेवकाच्या हातात येतो तो मालमत्ता कर. अकोला महापालिकेने २०१७ मध्ये हा कर सुधारला, त्याआधी सोळा वर्षं तो बदललाच नव्हता. शहरात आंदोलनं झाली, प्रकरण कोर्टात गेलं. नागपूर खंडपीठाने २०१९ मध्ये वाढ रद्द केली आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून महापालिकेची बाजू उचलून धरली. या सगळ्या वादात डाव्या विचाराच्या माणसाची खरी कसोटी होती. व्हिएन्नात १९२३ मध्ये समाजवादी नगरपालिकेने घरांवर चढत्या दराचा कर बसवला : लहान घराला नाममात्र, आलिशान बंगल्याला जबर. त्या पैशावर १९३४ पर्यंत साठ हजारांच्या आसपास घरं बांधली, आणि ती आजही भाड्याने दिली जातात. अकोल्यात 'कर नकोच' म्हणणारे सगळे होते. मोठ्या बंगल्यावर जास्त आणि दोन खोल्यांवर कमी घ्या, आणि त्या पैशात कामकरी माणसासाठी भाड्याची घरं बांधा, असं म्हणणारा आवाज मी ऐकला नाही. वाढीव कर मालकाला कायद्यानेच भाड्यात मिळवता येतो, ही गोष्टही त्या गदारोळात कुणी काढली नाही.

याउलट नझुलाच्या जमिनीचं पाहा. अमरावती आणि नागपूर विभागांत इंग्रजांच्या वेळेपासून शहरातली बरीच जमीन सरकारी नझुलाची, भाडेपट्ट्याने दिलेली. पट्टेधारकांनी वर्षानुवर्षं लावून धरलं आणि ती सवलतीत मालकी हक्काने करून देण्याच्या योजना सरकारने आणल्या. मागणी चुकीची होती असं नाही. पण पट्टेधारकाची मागणी ऐकली गेली कारण तो इथला मतदार आहे. त्याच पट्ट्यावरच्या वाड्यात मागच्या खोलीत राहणारा भाडेकरू नाही.

तो इथला मतदार का नाही, याचं उत्तर कायद्यात नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे माणूस जिथे सर्वसाधारणपणे राहतो तिथे त्याचं नाव लागतं. घर स्वतःचं असावं अशी अट मुळीच नाही. आठ नंबरचा अर्ज भरून पत्ता बदलता येतो. पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरूला नोंदणीकृत भाडेकरार चालतो. आणि गाडं इथेच अडतं : मालकाने करार नोंदवलेलाच नसतो, विजेचं बिल मालकाच्या नावाचं, आधार गावच्या पत्त्याचं. बूथ अधिकाऱ्याने घरी येऊन खात्री करावी असाही मार्ग आहे, पण तो आला की घरमालकच दारात म्हणतो, "हे का इथचे हायेत? दोन महिन्यांनी चालले."

समजा पुरावा मिळाला, तरी जठारपेठेतला भाडेकरू नाव हलवायला राजी असतोच असं नाही. गावाकडे चार एकर शेत आहे, सेवा सहकारी सोसायटीचं कर्ज आहे, बापाचं नाव घरकुलाच्या यादीत आहे आणि ग्रामपंचायतीला दहा मतांनी सरपंच पडतो. तिथे त्याच्या मताला किंमत आहे. उमेदवार त्यासाठी अकोल्याला गाडी पाठवतो. शहरात त्याला पाच वर्षांत तीन खोल्या बदलाव्या लागणार, तेव्हा प्रभागाची यादी त्याच्या मागे कुठवर धावणार? त्याचा हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. सोलापूरच्या विडी कामगार बाईला संघटनेने जे एका यादीत मिळवून दिलं, ते या माणसाला गावाच्या दोन-तीन याद्यांत तुकड्यातुकड्यांनी मिळतं, आणि त्यांपैकी एकीतही जठारपेठेतल्या खोलीचं भाडं नाही.